चिलापी आणि बारीक मासळीसाठी फ्लाय बांधायची आहे, पहिली कोणती बांधू?

वाघूरकाठ
नमस्कार मंडळी. गांडूळ आणि कणकेच्या गोळीवर गळ टाकता येतो, आता फ्लाय, म्हणजे गळावर दोरा, पीस, लोकर बांधून केलेला नकली किडा, स्वतःच्या हाताने बांधायची आहे. शिकवणारे व्हिडिओ बघावेत तर सगळ्यांत ब्लूगिल आणि क्रॅपी. हे उत्तर अमेरिकेतले मासे. तळहाताएवढे असतात, अख्खे तव्यात मावतात, म्हणून तिकडे त्यांना पॅनफिश म्हणतात. आपल्या धरणांत ते नाहीत. आपल्याकडे त्या मापाची म्हणजे चिलापी, पाण्याच्या वरच्या थरात फिरणारी चांदीसारखी अळकूट, आणि ज्यांचं नाव दर वीस कोसांवर बदलतं ते बारीक पुंटियस.

प्रश्न तीन आहेत. पहिली फ्लाय कोणती बांधावी? गळ किती नंबरचा? आणि जळगाव-भुसावळच्या बाजारात मिळणाऱ्या सामानात भागेल, की सगळं ऑनलाइन मागवावं लागेल?

तापीथडी
आधी गळाचं बोलू, कारण तिथेच पहिली चूक होते. बाजारात दोन प्रकारचे गळ मिळतात. एकाच्या दांडीचं वरचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं, दुसऱ्याला सुईसारखं नेढं असतं. फ्लायसाठी नेढ्याचाच घ्या. चपट्या टोकाच्या गळाला तंगूस दांडीभोवती गुंडाळून बांधावा लागतो, आणि फ्लायमध्ये ती जागा दोऱ्याने आणि पिसाने भरलेली असते.

नंबर उलटा चालतो: आकडा मोठा तसा गळ लहान. तळहाताएवढ्या चिलापीला १० नंबर. तोंड दिसतं त्यापेक्षा लहान असतं, ८ नंबर पुष्कळदा तोंडात पुरता जात नाही. दांडी जराशी लांब असली तर बांधायलाही जागा मिळते आणि तोंडातून सोडवायलाही पकड मिळते.

उलटा काटा पकडीने दाबून चपटा करा, आणि हे फ्लाय बांधायच्या आधी करा. कडक पोलादाचा गळ दाबताना कधीकधी टोकाशी तुटतो. तुटायचाच असेल तर रिकामा तुटलेला बरा.

केळीबाग
माशी बांधायची आणि मासा धरायचा. मराठीत एका अक्षराचा काय तो फरक! वाचतोय, येऊ द्या.

सातपुडा_पायथा
पहिली फ्लाय म्हणून माझं मत लोकर आणि तांब्याच्या तारेच्या अळीला. इंग्लंडमध्ये फ्रँक सॉयर यांनी 'किलर बग' नावाने बांधली ती हीच पद्धत. यात दोराच लागत नाही, तार हाच दोरा. गाठ नाही, पीस नाही, शेपूट नाही. नवख्याला अडवणाऱ्या तीन गोष्टी एकदम वगळल्या जातात, तरीही पाण्यातल्या अळीसारखी दिसते आणि मासा तोंडात घेतो.

सामान: १० नंबरचा गळ, पंख्याच्या वायंडिंगची ३६ गेजची तार साधारण ६० सेंटिमीटर, एकपदरी लोकर २० ते २५ सेंटिमीटर. मोटार रिवायंडिंगचं दुकान आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे, तिथे उरलेल्या तुकड्यांत ही तार मिळते. ३६ गेज म्हणजे साधारण ०.१९ मिलिमीटर. शेतातल्या पाणबुडी मोटारीची प्लॅस्टिक चढवलेली तार चालत नाही, फार जाड.

कृती: तार वाकाच्या सुरुवातीपासून नेढ्याकडे एकाला एक लागून गुंडाळत न्या, नेढ्याच्या अलीकडे दोन मिलिमीटर थांबा, आणि तशीच परत वाकाकडे आणा. हे झालं वजन. आता लोकरीचं टोक वाकापाशी तारेच्या तीन फेऱ्यांत अडकवा. तार बाजूला लोंबू द्या. लोकर नेढ्याकडे न्या, तिथून परत वाकाकडे आणा. येताना मधल्या भागात एखादा फेरा जास्त द्या म्हणजे अळीचं पोट तयार होतं. वाकापाशी लोकरीवर तारेचे चार घट्ट फेरे द्या, लोकर कापा, मग तार कापू नका, मुळाशी धरून पुढे-मागे हलवा. ती बरोबर मुळाशी तुटते आणि बोटाला टोचणारं टोक राहत नाही.

चाळीसगाव_घाट
वरच्यात एक भर. दुकानातली 'लोकर' बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. ती पाणी शोषत नाही, तंतूंत हवा धरून ठेवते आणि फ्लाय बुडायला वेळ लावते. ओळखायचं असेल तर एक तुकडा काडीने पेटवा. खरी लोकर केस जळाल्याचा वास देते आणि राख बोटात चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

खरी लोकर हवी तर जुन्या घोंगडीचा एक धागा काढा. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, तिचे बाहेर आलेले तंतू पाण्यात पायांसारखे हलतात. काळी, करडी, तपकिरी, तिन्ही छटा चिखलवट पाण्यातल्या अळ्यांच्याच आहेत. रंगवायची गरज नाही.

गिरणापार
सातपुडा_पायथा यांच्या मताचा आदर आहे, पण मी असहमत. तारेवर शिकलेल्याला दोऱ्याचा ताण कळत नाही, आणि फ्लाय बांधणं म्हणजे ऐंशी टक्के ताणच. तार ओढली की वाकते आणि तशीच राहते. दोरा सोडला की सैल पडतो, जास्त ओढला की तुटतो. ते पहिल्या दिवसापासून हाताला कळलं पाहिजे.

मी वूली बगर सुचवेन. रसेल ब्लेसिंग यांनी पेनसिल्व्हेनियात १९६७ मध्ये बसवलेली ही फ्लाय. शेपूट, अंग, पिसाचे फेरे आणि शेवटची गाठ, चारही मूळ कामं तिच्यात येतात. एक फ्लाय नीट जमली की पुढच्या वीस बांधता येतात. शिवाय ती कशासारखीच नेमकी दिसत नाही आणि सगळ्यासारखी थोडी दिसते. जळू, चतुराची अळी, बारीक मासोळी, मासा त्याला हवं ते समजतो.

कपाशी_ताई
गिरणापारदादा, ताणाबद्दल एकदम बरोबर. फक्त दोरा कोणता ते सांगून टाकते, कारण इथे सगळे शिवणकामाच्या रिळाकडे धाव घेतात.

फ्लायसाठी विकला जाणारा नेहमीचा दोरा १४० डेनियर असतो (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तसा दोरा जाड). शिवणयंत्राचा साधा पॉलिस्टर दोरा २०० ते २५० डेनियरच्या घरात जातो. १० नंबरच्या गळावर तो चालतो, पण प्रत्येक फेरा जाड पडतो. म्हणून जिथे पुस्तकं सहा फेरे सांगतात तिथे तीनच द्या, नाहीतर डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि लवकर कुजतो, तो अंगासाठी ठेवा, बांधायला नको. भरतकामाचा चमकदार रेयॉन दोरा दिसतो छान, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते. तोही अंगालाच.

ताण मोजायची रीत: रिकाम्या गळावर दहा फेरे द्या आणि मुद्दाम दोरा तुटेपर्यंत ओढा. असं पाच वेळा करा. तुटायच्या जरा आधी दांडी वाकायला लागते. ती जागा हाताला कळली की रोज त्याच्या जरा अलीकडे थांबायचं.

तापीथडी
ही पाच वेळा तोडायची कसरत सोन्यासारखी आहे. सगळ्यांनी करावी.

मेहरूण_सकाळ
अवजारांचं कोणी बोललं नाही. व्हाइस लागतोच का? शेगडा म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो केवढा मोठा असतो.

चाळीसगाव_घाट
मोठा शेगडा चालतो, पण थेट गळ धरायला नव्हे. त्याच्या जबड्यात लॉकिंग प्लायर आडवा पकडा आणि प्लायरच्या टोकात गळ धरा. गळ वाकाच्या खालच्या भागात धरायचा, दांडी जमिनीला समांतर. टोक जबड्याच्या आत झाकलं गेलं तर दोरा टोकावर कापला जात नाही, पण फार आत घुसवून आवळलं तर टोक मोडतं. पोलाद किंचित दिसेल एवढं बाहेर ठेवा.

बाकी यादी छोटी. दोऱ्याची रीळ लोंबती ठेवायला बॉबिन होल्डर ही एक गोष्ट मात्र ऑनलाइन मागवा, नळीचं तोंड गुळगुळीत असलेला. खडबडीत तोंडावर दोरा कातरला जातो आणि माणूस विनाकारण ताणाला दोष देतो. पीस धरायला इलेक्ट्रिशियनची लहान क्रोकोडाइल क्लिप, तिच्या दातांवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवायचा. कात्री बारीक टोकाची, आणि तार कधीही तिने कापायची नाही. डोक्याला लावायला पारदर्शक नेलपॉलिश.

नकाणे_तलाव
शेवटची गाठ बॉलपेनने मारा. रिफिल काढा, टोकाची नळी ठेवा. नळीवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, नळीचं भोक नेढ्यावर टेकवा, वेढा सरकवून डोक्यावर उतरवा, दोरा ओढा. अशा चार अर्ध्या गाठी. मग नेलपॉलिशचा एक थेंब सुईने. ब्रशने नको, नेढं बुजतं.

वाघूरकाठ
खूप मिळालं. या आठवड्यात लोकरीच्या सहा आणि बगरसारख्या चार बांधून पाहिल्या. अडलेलं असं: १) नेढ्यापाशी जागाच उरत नाही, गाठ मारायला गेलं की नेढं झाकतं. २) शेपटाचं पीस वरती ठेवलं तरी फिरून पलीकडच्या बाजूला जातं. ३) कोंबड्याचं पीस गुंडाळताना मधेच तुटतं. ४) सगळं अंग दांडीभोवती गरगर फिरतं.

गिरणापार
चारही दुखणी ठरलेली आहेत, सगळ्या नवख्यांना हीच होतात.

पहिलं. दोरा सुरू करताना नेढ्याला खेटून सुरू होतो, म्हणून. नेढ्याच्या लांबीइतकी दुप्पट जागा मागे सोडा आणि तिथून दोरा चालू करा. ती जागा शेवटच्या गाठीपर्यंत रिकामी राहिली पाहिजे. खूण हवी तर काळ्या मार्करने दांडीवर रेघ मारा. जास्तच सवय लागली असेल तर अंग अर्ध्या दांडीवरच संपवा. फ्लाय बुटकी दिसेल, मासा धरेल.

दुसरं. दोऱ्याचा फेरा सामानाला आपल्याबरोबर ओढत नेतो. उपाय चिमटीचा फेरा. पीस दांडीवर चिमटीत धरा, दोरा बोटांच्या चिमटीतूनच वर न्या, पलीकडे सैल उतरू द्या, आणि मग सरळ खाली ओढा. चिमूट सोडायची नाही. असे दोन फेरे झाले की मगच बोटं काढा.

तिसरं. पीस देठाच्या जाड बाजूने बांधलं की वळत नाही, मोडतं. टोकाच्या बाजूने बांधा, तिथलं देठ लवचिक असतं.

चौथं. दांडीवर दोऱ्याचा पाया घातलेला नाही. गुळगुळीत पोलादावर काहीही टिकत नाही. आधी दोरा नेढ्याकडून वाकापर्यंत आणि परत, असा एक थर द्या.

कपाशी_ताई
तिसऱ्याला आपल्या हवेचंही कारण आहे. मार्च ते मे पीस इतकं कोरडं पडतं की टोकाने बांधलं तरी तुटतं. बांधायच्या आधी दहा मिनिटं ओल्या सुती कापडाच्या घडीत ठेवा. मोराच्या पिसाचे तंतूही तसेच, तीन तंतू एकत्र पीळ देऊन गुंडाळले तर एकट्यापेक्षा बरेच टिकतात. वरून तांब्याची तार उलट्या दिशेने चार-पाच फेऱ्यांत नेली की दात लागले तरी सुटत नाहीत.

शिरपूर_वाट
मोरपिसाचं नाव निघालं म्हणून. गळून पडलेलं मोरपीस देशात ठेवायला, वापरायला अडचण नाही, परदेशी पाठवायला बंदी आहे. बाकी कुठल्याही रानपक्ष्याचं पीस वापरू नका. खंड्या, नीलपंख, तितर, रानकोंबडा, कोणाचंच नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. परदेशी जुन्या कृतींत 'जंगल कॉक' लिहिलेलं दिसतं, तो आपलाच करडा रानकोंबडा. ती ओळ आली की सरळ वगळून पुढे जा, फ्लायचं काही बिघडत नाही.

आणि अनेर धरण, यावल ही अभयारण्यं आहेत, तिथे गळ नाही. इतर धरणांत मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. काठावर जाऊन आधी त्यांना विचारा. पोटापाण्याचा व्यवसाय त्यांचा आहे.

केळीबाग
कोंबडीचं पीस मग कुठलं? ब्रॉयलरच्या दुकानात पोत्याने मिळतं.

सातपुडा_पायथा
ब्रॉयलर जेमतेम दीड महिन्याचा असतो, त्याच्या मानेचं पीस पिकलेलं नसतं. आखूड, रुंद, मऊ. गुंडाळायला निरुपयोगी. त्याच्या पिसाच्या बुडाचा पिसारा मात्र शेपटाला उत्तम, पाण्यात धुरासारखा हलतो.

गुंडाळायला गावरान कोंबडा, वर्षाच्या वरचा. मानेची आणि पाठीची पिसं. जगभर स्वस्त पीस म्हणून 'इंडियन नेक' विकलं गेलं ते अशाच कोंबड्यांचं. काळं हवं असेल तर कडकनाथ, रंगवायची गरजच नाही, वर हिरवट झाकही मिळते.

मऊ पिसाच्या फ्लायसाठी कोंबडीच, कोंबडा नाही. कोंबडीच्या मानेचे तंतू मऊ असतात, पाण्यात उघड-मीट करतात. कोंबड्याचे ताठ, ते तरंगायला.

नवापूरकर
पीस आणताना एक काळजी घ्याच. आमच्याकडे २००६ मध्ये बर्ड फ्लू आला होता, भारतातला तो पहिला, आणि २०२१ मध्ये पुन्हा आला. साथीची बातमी असेल तेव्हा पिसं आणू नका, मेलेल्या पक्ष्याची तर कधीच नको.

एरवी आणलेली पिसं शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवा, दोनदा निथळा, सावलीत वाळवा. मग बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये, एक दिवस बाहेर, पुन्हा तीन दिवस फ्रीजरमध्ये. पहिल्या गारठ्याने कसर मरते, अंडी उरली तर बाहेरच्या दिवसात फुटतात, ती दुसऱ्यांदा मरतात. हे टाळलं तर पावसाळ्यानंतर डबा उघडल्यावर नुसता भुसा मिळतो. डब्यात कापराच्या दोन वड्या टाका.

मेहरूण_सकाळ
पांढरी पिसं रंगवायची कशी? कपड्याचा रंग धरत नाही.

नवापूरकर
कारण तो सुतीसाठीचा असतो. पीस आणि लोकर दोन्ही प्रथिनं, त्यांना आम्लात बसणारा रंग लागतो. जिलबीत घालतात तो खाण्याचा रंग चालतो. एक लिटर पाणी, तीन चमचे व्हिनेगर, पाव चमचा रंग. पाणी वाफाळतं ठेवा, उकळू देऊ नका, उकळलं की पीस आक्रसून वाकतं. पंधरा-वीस मिनिटं. धुतलेलं आणि ओलं पीसच टाका. तेलकट राहिलं तर चट्टे पडतात. हळदीनेही पिवळा येतो, पण उन्हात आठवड्याभरात उडतो.

नकाणे_तलाव
मी वेगळीच फ्लाय मांडतो, पाण्यावर तरंगणारी फोमची. चिलापीपेक्षा पुंटियससाठी, पण चिलापीही वर येऊन घेते. ब्लूगिलवाल्यांची ही लाडकी आहे आणि ती इकडे जशीच्या तशी लागू पडते.

स्टेशनरीच्या दुकानातली २ मिलिमीटरची फोम शीट. पट्टी ४ मिलिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर लांब. दांडीवर दोऱ्याचा पाया, त्यावर फेव्हिक्विकचा बारीक थेंब. पट्टी वाकापाशी बांधा, लांब बाजू मागे सोडा. पुढे मोरपिसाच्या तीन तंतूंचं अंग. आता पट्टी पुढे दुमडा आणि नेढ्यामागे एक-तृतीयांश दांडीवर बांधा. त्याच जागी दोन्ही बाजूंना पाय. पायांना कपड्याच्या इलॅस्टिकच्या पट्टीतला रबरी धागा सोडवून घ्या, प्रत्येकी २ सेंटिमीटर. नेढ्याच्या पुढे फोमचं चिमूटभर डोकं ठेवून कापा.

बिघडतं ते तीन ठिकाणी. बारीक दोऱ्याने जोरात आवळलं तर फोम कापला जातो. इथे कपाशी_ताईंचा जाड दोराच बरा. पट्टी रुंद असली तर गळाचं तोंड भरून जातं आणि मासा नुसता चोखून सोडतो. टोक आणि दांडी यांतली निम्मी जागा तरी मोकळी दिसली पाहिजे. तिसरं, पाय फार लांब ठेवतात. मासा पाय ओढतो, गळ तोंडात जातच नाही.

गिरणापार
शेपटाचंही तेच, आणि इथे माझं आधीचं म्हणणं थोडं बदलतो. बगरच्या मूळ कृतीत शेपूट दांडीइतकं लांब सांगतात. ते माप मोठ्या माशांसाठीचं. चिलापी मागून शेपूट चिमटीत धरून सोडते. १० नंबरवर बांधा, शेपूट दांडीच्या निम्म्याने ठेवा, पिसाचे फेरे चारच. शेपूट आखूड करायचं तर कात्रीने सरळ रेषेत कापू नका, बोटांच्या नखांत धरून खुडा, टोकं विरळ राहतात आणि हलतात.

शिरपूर_वाट
चिलापी मुळात शेवाळ आणि गाळ खाणारी. १९५२ मध्ये मोझांबिक चिलापी भारतात आणली गेली. ती फ्लाय घेते ती बहुधा तिच्या तोंडासमोर संथ पडली तरच. पाठलाग करणारा मासा नव्हे. त्यामुळे फ्लाय सारखी ओढत राहू नका. टाका, बुडू द्या, वीतभर ओढा, थांबा. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की ती जेवण कमी करते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची सकाळ वाया जाते, दुपारी अकरानंतर उथळ, ऊन लागलेल्या पाण्यात बघा.

मेहरूण_सकाळ
फ्लाय रॉड नसेल तर?

तापीथडी
बांबूची काठी. जपानी तेनकारा म्हणजे तेच, रीळ नसलेली काठी आणि काठीच्या लांबीइतकी दोरी. टोकाला ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस तीन मीटर, त्याला ०.१६ चा एक मीटर, त्याला फ्लाय. ०.१६ च का, तर फ्लाय बारीक, जाड तंगूसाने ती ताठ राहते, पाण्यात जिवंत दिसत नाही. काठीचं टोक लवचिक हवं, नाहीतर इतकी हलकी फ्लाय पुढे जात नाही.

लांब टाकायची असेल तर साध्या रॉडला पाणी भरता येणारा पारदर्शक फ्लोट आणि त्याच्या पुढे एक मीटरवर फ्लाय. फ्लोटचं वजन फ्लाय नेतं. बुडणाऱ्या अळीला मासा चावला तरी आपल्याला कळत नाही, तिथे वर बारीक बूच लावा. बूच बुडायची वाट पाहू नका, ते आडवं सरकलं किंवा थबकलं तरी हलकेच उचला.

वाघूरकाठ
बठ्ठं ध्यानमा उनं भो. मूळ सवालावर परत येतो: लोकरीची अळी, बगर, फोम, आणि मऊ पिसाची म्हणालात ती. यातली पहिली कोणती? अजून एकमत दिसत नाही.

सातपुडा_पायथा
गिरणापारचा ताणाचा मुद्दा मला पटला आहे. तेव्हा माझी अळीच दोऱ्यावर बांधा. तार फक्त वजनाला आतून, अंग लोकरीचं, आणि नेढ्यापाशी बॉलपेनच्या गाठीने संपवा. पाया, वजन, अंग, गाठ. पीस नाही. अशा दहा.

गिरणापार
हे मला मान्य. दहाच्या दहा एकाच नंबरच्या गळावर, एकाच रंगात. रंग बदलला की डोळा रंग बघतो, माप बघत नाही. दहावी झाली की पहिलीशेजारी ठेवून नेढ्यामागची जागा, अंगाची जाडी आणि डोक्याचा आकार तपासा. मग अकराव्या फ्लायला नेढ्यामागे कोंबडीच्या मानेच्या पिसाचे दोनच फेरे द्या. दोनच, तिसरा नको. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोचतील एवढे लांब. मऊ पिसाची फ्लाय म्हणतात ती हीच. बगर त्यानंतर.

कपाशी_ताई
दोन फेऱ्यांचं पाळाच. तिसऱ्या फेऱ्याने पिसारा दाट होतो, पाण्यात छत्री उघडल्यासारखा अडतो आणि फ्लाय तिरकी चालते. पीस गुंडाळण्याआधी बुडाचा पिसारा खुडून टाका आणि तंतू ओल्या बोटांनी मागे सारत गुंडाळा, म्हणजे ते दोऱ्याखाली दबत नाहीत.

वाघूरकाठ
आणि अळकुटीला? तिचं तोंड फारच लहान, १० नंबर नुसता टोचून जातो.

नकाणे_तलाव
तिच्यासाठी १४ नंबर, फोम नको. काळा दोरा दांडीभर एकच थर, नेढ्यामागे मोरपिसाच्या एका तंतूचे तीन फेरे, कोंबड्याच्या मानेच्या वरच्या टोकाजवळच्या सर्वांत लहान पिसाचे दोन फेरे, गाठ. बस. या गळाला मात्र ०.१९ ची तार जाड पडते, ३८ गेजची, ०.१५ ची मागा. ती फक्त मोरपिसावर उलटी न्यायला, वजनाला नको, ही फ्लाय पाण्याच्या कातडीवरच राहिली पाहिजे.